वहीतले चार हुकूमशहा

आजचा धागा थोडा लांब आहे. चहा घेऊनच बसा.

गेल्या आठवड्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या धाकट्या बहिणीची वही चाळत होतो. ‘सत्ता आणि राजकारण’ या मथळ्याखाली कठीण इंग्रजी शब्दांची यादी होती. टायरंट : हुकूमशहा. डेस्पॉट : हुकूमशहा. डिक्टेटर : हुकूमशहा. ऑटोक्रॅट : हुकूमशहा. चार डोकी आणि चौघांना एकच टोपी! ज्या पुस्तकातून तिने यादी उतरवली होती, त्यातही हेच होते. “समानार्थी आहेत रे दादा, चारही पाठ केले की झालं,” असे तिचे म्हणणे. एखादा गुण त्यावर मिळेलही. पण उताऱ्याखालच्या प्रश्नात ‘लेखकाने नेमका हाच शब्द का योजला?’ असे विचारले, की ही यादी मुकी होते. शिवाय या चौघांपैकी एका शब्दाने आपल्या मुलखावरच्या परकीय सत्तेची तरफदारी केलेली आहे. त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी टायरंट. मूळ ग्रीक शब्द ‘तुरान्नोस’. तोही ग्रीकांनी बहुधा आशिया मायनरकडून उचललेला. त्याचा आरंभीचा अर्थ जुलमी असा नव्हताच. वंशपरंपरेने किंवा रीतसर निवडीने नव्हे, तर स्वतःच्या बळावर सत्ता घेतलेला माणूस, एवढेच त्यातून कळत असे. इ.स.पू. सहाव्या शतकातला अथेन्सचा पिसिस्ट्रॅटस हे याचे ठळक उदाहरण. दोनदा हाकलला गेला, तिसऱ्यांदा इ.स.पू. ५४६ च्या सुमारास सत्तेवर पक्का बसला. एकदा तर एका उंच, देखण्या स्त्रीला अथेना देवीचा वेश देऊन, तिच्यासोबत रथातून तो शहरात शिरला, असे हिरोडोटस सांगतो. आणि अथेन्सची शहाणी माणसे याला भुललीच कशी, म्हणून वर आश्चर्यही करतो. पण हाच पिसिस्ट्रॅटस गरीब शेतकऱ्यांना कर्जाऊ रक्कम देई आणि गावोगाव फिरते न्यायाधीश पाठवी. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथात एक गोष्ट येते. हायमेटस डोंगरावर खडकाळ तुकडा खणणाऱ्या म्हाताऱ्याला पिसिस्ट्रॅटसने विचारवले, यातून काय पिकते? म्हाताऱ्याने समोरचा कोण हे न ओळखता उत्तर दिले, की दुखणी आणि वेदना पिकतात, आणि त्यातलाही दहावा हिस्सा पिसिस्ट्रॅटसला द्यायचा! सत्ताधीश हसला आणि त्याने म्हाताऱ्याचा कर माफ केला.

मग शब्द बदनाम कधी झाला? पिसिस्ट्रॅटसच्या मुलांच्या काळात. इ.स.पू. ५१४ मध्ये धाकट्या हिपार्कसचा खून झाला, थोरला हिपियस सूडाने पेटला, आणि ५१० मध्ये अथेन्सने त्याला घालवून दिले. पुढे लोकशाही अथेन्सने हिपार्कसच्या मारेकऱ्यांचे पुतळे उभारले आणि प्लेटोने टायरंटला सर्वांत नीच राज्यकर्त्याच्या जागी नेऊन बसवले. शब्दाला निवाडा चिकटला तो असा. मराठीला हे नवे नाही. ‘सुलतान’ ही एकेकाळी मानाची पदवी. आपण ‘अस्मानी-सुलतानी’ म्हणताना ती दुष्काळाच्या शेजारी नेऊन ठेवली.

डिक्टेटरची कथा नेमकी उलट. हे रोमन प्रजासत्ताकातले कायदेशीर पद होते. संकट आले की सीनेटच्या सल्ल्याने कॉन्सल एका व्यक्तीला डिक्टेटर नेमी. त्याच्यापुढे २४ दंडधारी चालत, म्हणजे एका कॉन्सलच्या दुप्पट. मात्र मुदत जास्तीत जास्त सहा महिने. काम संपले की पदही संपले. परंपरेनुसार इ.स.पू. ४५८ मध्ये सिनसिनॅटसला शेतावरून बोलावून आणले, त्याने शत्रूचा पराभव केला आणि सोळाव्या दिवशी पद सोडून तो पुन्हा नांगराकडे गेला. यात दंतकथेचा अंश असेल. पण रोमन लोकांना आपला आदर्श डिक्टेटर असा हवा होता, हे त्यातून स्पष्ट दिसते.

इ.स.पू. २०२ नंतर सव्वाशे वर्षांजवळ हे पद वापरातच नव्हते. ८२ मध्ये सल्लाने ते पुन्हा बाहेर काढले, पण मुदतीची अट गाळून. विरोधकांच्या नावांच्या याद्या चौकात लागल्या. यादीतल्या माणसाला मारणाऱ्याला बक्षीस मिळे. सल्लाने निदान पुढे पद सोडले. ज्युलियस सीझर आधी काही दिवसांसाठी, मग दहा वर्षांसाठी आणि इ.स.पू. ४४ च्या आरंभी कायमचा डिक्टेटर झाला. त्याच वर्षी १५ मार्चला त्याचा खून झाला आणि अँटनीने हे पदच कायद्याने रद्द केले. खरी गंमत पुढे आहे. २२ मध्ये लोक ऑगस्टसच्या मागे लागले, की तुम्ही डिक्टेटर व्हा. त्याने ठाम नकार दिला. सगळी सत्ता हातात होतीच. नाव तेवढे नको होते.

म्हणजे डिक्टेटर या शब्दाच्या पोटात मुदत होती, आणि शब्दाची अधोगती ही त्या मुदतीच्या मरणाची कथा आहे. आपल्याकडेही जुना अर्थ थोडा काळ जिवंत होता, हे किती जणांना माहीत असेल? १९३० नंतरच्या कायदेभंगाच्या चळवळीत पुढारी एकामागून एक तुरुंगात जात, तेव्हा काँग्रेसच्या समित्यांचे सर्वाधिकार ज्या एका कार्यकर्त्याकडे सोपवले जात, त्याला ‘डिक्टेटर’च म्हणत. त्याला अटक झाली की पुढचा. त्या काळच्या कागदपत्रांत हा शब्द पाहून दचकू नका. तिथे तो रोमन अर्थाच्या जवळ आहे. युरोपातल्या त्याच दशकाने मात्र हा अर्थ पुसून टाकला.

ऑटोक्रॅटवर फार रेंगाळत नाही. ‘स्वतःच सत्ता असलेला’ हा त्याचा शब्दशः अर्थ. इ.स.पू. ४१५ मध्ये सिसिलीवर निघालेल्या अथेन्सच्या सेनापतींना दर वेळी घरी विचारणा न करता निर्णय घेण्याचे पूर्ण अधिकार दिले, तेव्हा त्यांना याच कुळातले विशेषण लागले. पुढे ते बायझंटाइन सम्राटांचे झाले आणि त्याचे रशियन रूप झारच्या पदवीत गेले. १९०५ च्या उठावानंतर ड्यूमा द्यावी लागली, आणि १९०६ च्या मूलभूत कायद्यांच्या मसुद्यात झारच्या सत्तेचे ‘अमर्याद’ हे विशेषण ठेवायचे की नाही, यावर खल झाला. दुसरा निकोलस ते सोडायला नाखूश होता. अखेर ‘अमर्याद’ गेले, ‘ऑटोक्रॅटिक’ राहिले. संसद आहे आणि तरी राजा ऑटोक्रॅट आहे, हे कसे काय, याचा वाद रशियन कायदेपंडित पुढची अकरा वर्षे, म्हणजे झारशाही संपेपर्यंत, घालत होते.

आता तो चौथा, डेस्पॉट. ग्रीकमध्ये ‘देस्पोतेस’ म्हणजे घरधनी. आणि विशेषतः गुलामांचा मालक. अ‍ॅरिस्टॉटल बजावतो, की गुलामांवर चालणारी मालकी आणि स्वतंत्र नागरिकांवर चालणारे राज्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या शब्दाचा गाभा क्रौर्याचा नाही, मालकीचा आहे. डेस्पॉट प्रेमळही असू शकतो. म्हणूनच प्रशियाचा दुसरा फ्रेडरिक किंवा रशियाची कॅथरिन यांना इतिहासाच्या पुस्तकांत ‘एन्लायटन्ड डेस्पॉट’ म्हणतात; ‘एन्लायटन्ड टायरंट’ कुणी म्हणत नाही. बायझंटाइन दरबारात तर ही सम्राटाच्या खालोखालची मानाची पदवी होती.

पण १७४८ मध्ये माँटेस्क्यूने राज्यपद्धतींचे तीन प्रकार मांडले, त्यांपैकी एकाला डेस्पॉटिझम म्हटले, भय हे त्याचे चालकतत्त्व ठरवले आणि त्याचे घर आशियात दाखवले. आधार मुख्यतः प्रवाशांच्या वृत्तांतांचा. त्यांतला एक वजनदार प्रवासी म्हणजे औरंगजेबाच्या काळात इथे राहिलेला फ्रेंच वैद्य बर्निए. मोगल राज्यात सगळी जमीन बादशहाची, खाजगी मालकी नाहीच, असे त्याने लिहून ठेवले होते.

मराठी कागद वाचणाऱ्या विद्यार्थ्याला हे वाचताना हसू येते. वतनपत्रे, खरेदीखते, गोतसभेचे महजर यांचे ढीग आपल्या दप्तरांत आहेत. मिरासदार जमीन विकतो, भाऊ भावाशी पाटीलकीच्या अर्ध्या हिश्शासाठी पिढ्यान् पिढ्या भांडतो, आणि निवाड्यावर साऱ्या गावच्या निशाण्या उमटतात. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या आज्ञापत्रात तर वतनदारांना लहानसहान देशनायकच मानले आहे. त्यांच्यावर विसंबू नये, पण त्यांचे वतनही बुडवू नये, असा त्याचा सल्ला. सर्व जमिनीच्या एकमेव मालकाला असली कसरत करावी लागत नाही. यावरून वतनव्यवस्था न्यायाची होती असे कृपया समजू नका. महाराच्या वाट्याला आलेले वतन आणि देशमुखाचे वतन यांत जमीन-अस्मानाचे अंतर होते. मुद्दा इतकाच, की हक्क, कागद आणि दाद मागायची जागा या गोष्टी इथे होत्या.

आणि शब्द नुसता पुस्तकात राहिला नाही. १७८६ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने पार्लमेंटपुढे दिलेल्या बचावाचा एक धागा असा होता, की हिंदुस्थानात सत्ता अनियंत्रितच असते आणि कंपनीला ती तशीच वारशाने मिळाली आहे. १७८८ मध्ये खटला उभा राहिला तेव्हा एडमंड बर्क यावर तुटून पडला. विषुववृत्त ओलांडले की नीती मरते काय, असा त्याच्या भाषणाचा रोख होता. आशियातले राज्यकर्तेही धर्मशास्त्राने आणि कायद्याने बांधलेले असत, हे त्याने इस्लामी कायद्याचे दाखले देऊन मांडले. सात वर्षे खटला चालला. हेस्टिंग्ज १७९५ मध्ये निर्दोष सुटला.

बर्कच्याही आधी, १७७८ मध्ये, आंकेतील-द्युपेराँ या फ्रेंच विद्वानाने याच विषयावर ग्रंथ लिहिला होता. अवेस्ताची हस्तलिखिते शोधायला आलेला हा मनुष्य मराठ्यांच्या मुलखातून प्रवास करत १७५८ मध्ये सुरतेला पोहोचला होता. त्याने सरळ म्हटले, की आशियात लिखित कायदा आहे आणि खाजगी मालमत्ताही आहे. ‘डेस्पॉटिझम’चे चित्र युरोपीयांच्या लुटीला सोयीचे पडते. ग्रंथाकडे त्या काळी फारसे कुणी लक्ष दिले नाही. १८५२ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनाम कमिशन कामाला लागले, तेव्हा जमीन आपली असल्याचे सिद्ध करण्याचा भार इनामदारावरच टाकलेला होता.

आणखी सात वर्षांनी, १८५९ मध्ये, जॉन स्टुअर्ट मिलने स्वातंत्र्यावरचे आपले गाजलेले पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या पहिल्याच प्रकरणात तो म्हणतो, की रानटी समाजांसाठी डेस्पॉटिझम ही योग्य राज्यपद्धती आहे, मात्र हेतू त्यांच्या सुधारणेचा हवा. मिलने त्याआधीची पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत नोकरी केली होती. त्याने इथे टायरंट हा शब्द वापरला नाही, वापरू शकलाही नसता.

बहिणीच्या वहीत आम्ही दुरुस्ती केली. डिक्टेटरपुढे ‘हुकूमशहा’ तसेच ठेवले, समासात ‘मूळ मुदत सहा महिने’ अशी नोंद करून. टायरंटपुढे ‘जुलमी सत्ताधीश’, ऑटोक्रॅटपुढे ‘एकतंत्री शासक’. डेस्पॉटपुढे आधी ‘स्वामी’ लिहिले, खोडले. ‘धनी’ लिहिले, तेही खोडले. सध्या पेन्सिलीने ‘मालक’ लिहून ठेवले आहे. याहून नेमका मराठी शब्द कुणाला सुचत असेल तर खाली जरूर लिहा; तिची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.