वकील दावर आणि न्यायमूर्ती दावर

कर्नाळा किल्ल्याच्या परिसरातील शिरढोण हे वासुदेव बळवंत फडक्यांचे जन्मगाव. त्यांचे आजोबा याच किल्ल्याचे किल्लेदार होते. १८७९ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयात न्यूनहॅम या इंग्रज न्यायाधीशाने फडक्यांना आजन्म हद्दपारीची शिक्षा दिली आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. पुढच्या पिढीत राजद्रोहाचे गाजलेले खटले मुंबई उच्च न्यायालयात उभे राहिले, तेव्हा तिथे हिंदी न्यायमूर्तीही होते. त्याने काय बदलले? दिनशा धनजीभाई दावर (१८५६–१९१६) या पारशी बॅरिस्टराची कारकीर्द यासाठी पाहण्याजोगी आहे.

जुलै १८९७ मध्ये टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. उच्च न्यायालयात जामिनाचा पहिला अर्ज पार्सन्स आणि रानडे यांच्यापुढे गेला व नाकारला गेला. होय, आपले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडेच! ४ ऑगस्टला दावरांनी न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींपुढे पुन्हा युक्तिवाद केला. आरोपी पळून जाणारा नाही, आणि तुरुंगात राहून बचावाची तयारी नीट होत नाही, हा त्यातील गाभा. तय्यबजींनी जामीन दिला. खटल्यात शिक्षा झालीच, दीड वर्षाची. पण जामिनाची ती लढाई दावरांनी जिंकली होती.

अकरा वर्षांनी तेच टिळक, तोच आरोप. मुझफ्फरपूरच्या बाँबस्फोटानंतर ‘केसरी’त ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे अग्रलेख आले आणि २४ जून १९०८ रोजी टिळकांना पकडले. या वेळी जामीन मागणारे वकील होते मोहम्मद अली जिना, आणि न्यायासनावर होते दावर. एकेकाळी दावरांनी मांडलेलेच मुद्दे आता त्यांच्यापुढे आले. त्यांनी अर्ज फेटाळला. सविस्तर कारणे देण्याचेही टाळले.

सरकारने विशेष ज्यूरी मागितली, तीही मिळाली. नऊ जणांत सात युरोपियन व दोन पारशी. लेख मराठीतले, आणि ते जोखायचे भाषांतरावरून! टिळकांनी स्वतःच बचाव केला. त्यांचे भाषण २१ तासांहून अधिक चालले. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन अशा मतांनी ते दोषी ठरले. दावरांनी सहा वर्षांची हद्दपारी आणि हजार रुपये दंड सुनावला, वर टिळकांच्या लेखनामागची बुद्धी रोगट व विकृत असल्याचा शेराही मारला. हा शेरा शिक्षेसाठी मुळीच आवश्यक नव्हता. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप करून आपला निकाल दिला.

दावरांना ‘फितूर’ म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण ते कायद्याचे कच्चे नव्हते. त्याच वर्षी पारशी पंचायतीच्या खटल्यात त्यांनी दिलेला निवाडा आजही अभ्यासला जातो. जामीन देणे न्यायमूर्तींच्या विवेकावर होते. तो तय्यबजींनी एका बाजूने वापरला, रानडे आणि दावरांनी दुसऱ्या. त्यामुळे १९०८ च्या नकाराची जबाबदारी कलमावर ढकलता येत नाही.

१९१६ मध्ये टिळकांवर पुन्हा कारवाई झाली. त्यांच्या भाषणांवरून मागितलेला जामीनकतबा उच्च न्यायालयात बॅचलर आणि लल्लुभाई शहा यांनी रद्द केला. त्यांतले एक इंग्रज होते, एक हिंदी. टिळकांच्या बाजूने उभे होते जिनाच.