किल्लीवाचून उघडणारी मोटार

नाशिकच्या जुन्या भागातील पेशवेकालीन वाड्याचे दार रात्री बंद करावयाचे म्हणजे एक लहानसा विधीच असे. दिंडी दरवाजा लोटावयाचा, कडी कोयंड्यात अडकवावयाची आणि भिंतीच्या पोटातून लाकडी अडसर ओढून आडवा घालावयाचा. तेथून काही मैलांवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत वसलेल्या इंदिरानगरात एखादा गृहस्थ आज आपली नवी मोटार उघडतो, तेव्हा त्याला यांपैकी काहीच करावे लागत नाही. किल्ली खिशातच असते. मुठीला हात लागताच दार उघडते आणि कळ दाबताच इंजिन सुरू होते. मग साहजिकच प्रश्न पडतो की, धन्याची ही सोय चोराच्याही पथ्यावर पडली आहे काय?

या प्रश्नाला कुलपाचा इतिहासच बरेचसे उत्तर देतो. लंडनमध्ये जोसेफ ब्रामा याचे कुलूप अभेद्य समजले जाई. ते किल्लीवाचून उघडणारास दोनशे गिनी देण्याची जाहीर पैजच दुकानाच्या खिडकीत मांडलेली होती. १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी आलेल्या हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ती पैज जिंकली. मात्र त्यासाठी त्याला अनेक दिवस मिळून पन्नासांहून अधिक तास खपावे लागले. कोणतेही कुलूप अजिंक्य नसते, चोराचा किती वेळ खाते यावरच त्याची योग्यता ठरते, हा धडा त्या वेळी जगाला मिळाला. आपल्याकडे १८९७ मध्ये अर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत लालबाग येथे कुलपांचा कारखाना काढला, तो याच शास्त्राच्या पायावर.

मोटारीचे कुलूप मात्र दीर्घकाळ दुबळेच राहिले. काच फोडावी, खालच्या दोन तारा जोडाव्या आणि गाडी घेऊन जावे, एवढेच चोराचे कसब होते. या स्थितीत खरा पालट घडविला तो इमोबिलायझर या यंत्राने. किल्लीच्या मुठीत एक सूक्ष्म चकती बसविलेली असते. तिच्याकडून योग्य सांकेतिक उत्तर आल्यावाचून इंजिन चालूच होत नाही. युरोपीय संघात १९९८ पासून नव्या मोटारींना हे यंत्र सक्तीचे झाले आणि ब्रिटनमध्ये पुढील पंधरा-एक वर्षे मोटारचोऱ्या झपाट्याने घटत गेल्या.

त्याच सुमारास मर्सिडीझसारख्या महागड्या गाड्यांतून किल्ली खिशातून न काढण्याची सोय अवतरली. तिची रीत अशी. गाडी क्षीण रेडिओ लहरी सोडते. त्या दीड-दोन मीटरपलीकडे पोहोचत नाहीत. किल्लीला त्या ऐकू आल्या की ती सांकेतिक उत्तर धाडते. किल्लीने ऐकले, त्याअर्थी धनी जवळच आहे, असे गाडी गृहीत धरते. आणि मेख नेमकी या गृहीतात आहे. झुरिक येथील तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कारखानदारांच्या दहा मोटारी तपासल्या. एक अँटेना गाडीपाशी व दुसरी किल्लीच्या आसपास धरून त्यांनी गाडीची हाक दूरवर पोहोचविली, तेव्हा दहाही गाड्या फसल्या. सांकेतिक भाषा कोणी फोडली नव्हती. दूरची किल्ली जवळ आहे असा केवळ आभास निर्माण केला होता. घराच्या दाराशी खुंटीला अडकविलेली किल्ली बाहेरच्या चोराला अशा रीतीने फितूर होऊ शकते. शिवाय एकदा सुरू झालेले इंजिन किल्ली दूर गेली तरी बंद पडत नाही. भर रस्त्यात अपघात होऊ नये म्हणून तशी योजनाच असते.

ब्रिटनमध्ये याची झळ जॅग्वार लँड रोव्हर या कंपनीस विशेष लागली. २००८ मध्ये ही कंपनी मुंबईच्या टाटा मोटर्सने विकत घेतली. तिच्या महागड्या गाड्यांचा विमा उतरविणेही लंडनमध्ये अवघड होऊन बसले, तेव्हा जुन्या गाड्यांचे संरक्षण सुधारण्यासाठी तिला एक कोटी पौंडांहून अधिक रक्कम खर्चावी लागली.

मग जुनी धातूची किल्लीच बरी, असे म्हणावे काय? तेही खरे नव्हे. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात २०२१ मध्ये चोरीस गेलेल्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक ह्युंदाई व किया या दोन कंपन्यांच्या होत्या. चोरांनी ज्यांवर डोळा ठेवला त्या साध्या किल्लीने सुरू होणाऱ्या, पण इमोबिलायझर नसलेल्या गाड्या होत्या. त्याच कंपन्यांच्या कळ दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांत ते यंत्र असल्याने त्या या युक्तीस बधल्या नाहीत. तात्पर्य, किल्ली नाहीशी झाल्याने मोटार सर्वस्वी उघडी पडली असे नाही. काच फोडून तारा जोडणाऱ्या चोराला ती दुर्गमच राहिली. परंतु उपकरणे बाळगणाऱ्या चोराला मात्र एक नवी वाट मिळाली.

ती वाट बुजविताही येते. रेडिओ लहर एका सेकंदाच्या अब्जांशात सुमारे तीस सेंटिमीटर जाते. हाकेला उत्तर येण्यास लागलेला वेळ काटेकोरपणे मोजला, तर किल्लीचे खरे अंतर कळते. नव्या पद्धतीच्या किल्ल्या हेच करतात. काही किल्ल्या थोडा वेळ हलल्या नाहीत तर आपोआप निद्रिस्त होतात. ज्यांची गाडी याआधीची आहे, त्यांनी किल्ली दारापासून दूर, घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावी आणि तो डबा गाडीजवळ नेऊन दार उघडत नाही ना, हे एकदा पाहावे. सुकाणूचक्राला अडकविण्याचा पोलादी दांडाही उपयोगी पडतो; चोराचा वेळ खाण्याचे कुलपाचे मूळ काम तो इमानाने करतो.

अडसर घालताना वाड्याच्या धन्याला रोज काही क्षण खर्चावे लागत, आणि दार लागले की नाही हे त्याच्या हातालाच कळे. नव्या युक्तीने ते श्रम वाचविले; परंतु त्यांबरोबर ती खात्रीही धन्याच्या हातून काढून यंत्राकडे सोपविली. अशा यंत्राने धनी जवळ आहे असे नुसते मानून चालणार नाही. ते त्याने मोजून पाहिले पाहिजे.