लाल महालाचा पहारा आणि खालांचा ओटीपी

पूनम सागरमध्ये आमच्या इमारतीत राहणाऱ्या एका खालांनी 'बँकेतल्या साहेबांना' फोनवर ओटीपी वाचून दाखवला आणि पेन्शनचे पैसे गेले. "पासवर्ड तर मी कुणाला सांगितलाच नव्हता, मग?" हा त्यांचा प्रश्न.

मी त्यांना पुण्याच्या लाल महालातली 5 एप्रिल 1663 ची रात्र सांगितली. रमजान चालू होता. शाइस्ताखानाच्या छावणीत शिवाजी महाराजांच्या माणसांना पहाऱ्यावर हटकलं गेलं. आम्ही बादशाही फौजेतलेच दख्खनी शिपाई, नेमल्या जागी चाललोय, असं उत्तर मिळालं. फौजेत असे शिपाई होतेच, त्यामुळे ते पटलं. खानाची बोटं तुटली, मुलगा मारला गेला.

अशा वेळेसाठीच फौजांमध्ये परवलीचा शब्द असे. तो अनेकांच्या कानांवर जाई, म्हणून बदलत राहावा लागे. रोमन सैन्यात तो रोज सूर्यास्ताला लाकडी पाटीवर लिहून तुकड्यांना पोचवत. ओटीपीही तसाच, एका वेळेपुरता. पण परवलीचा शब्द विचारायचा पहारेकऱ्यानं आणि सांगायचा येणाऱ्यानं. खालांकडे उलटं झालं: आत शिरणाऱ्यानंच तो पहारेकऱ्याकडून काढून घेतला.

पासवर्डचं वेगळं. ती घराची किल्ली, रोज बदलायची गरज नाही. पण बँकेची आणि ईमेलची एकच नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडले तरी चांगली होते. घरातल्या डायरीत लिहिली तरी चालेल, मोबाईलच्या कव्हरमध्ये नको (खालांची तिथेच होती).

1930 वर तक्रार त्याच संध्याकाळी केली. पैसे अजून आलेले नाहीत.