आधी हवा जाऊ द्या

पॅरिसमधला जानेवारी, साल १८८४. पँथिऑनपासून निघणाऱ्या उल्म रस्त्यावर एकोल नॉर्मालची इमारत आहे. तिथल्या लुई पाश्चर यांच्या प्रयोगशाळेत तुम्ही सगळ्यांत नवे मदतनीस आहात. आल्यापासून तुमच्या वाट्याला फक्त काचा घासणं आलं. आज पहिल्यांदा तुमच्या हाती पाश्चर यांचे सहकारी शांबरलाँ यांचं वाफेचं भांडं दिलं जाणार आहे.

आत पाऊल टाकताच नाकाला गॅसचा वास लागतो, त्यामागून मांसाच्या रश्श्याचा आणि सगळ्यांत शेवटी सशांच्या पिंजऱ्यांचा. सध्या इथे सगळ्यांच्या डोक्यात पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग आहे. पाश्चर स्वतः एकसष्ट वर्षांचे. १८६८ मधल्या झटक्याने त्यांची डावी बाजू अधू झाली आहे. हात पुढे करू नका, हस्तांदोलन त्यांना आवडत नाही. कारण विचारायची गरज नाही. तुम्ही जंतूंच्या घरी आला आहात.

एका कोपऱ्यात गॅसची भट्टी आहे. रिकामे चंबू आणि नळ्या तोंडाला कापसाचे बोळे लावून तिच्यात कोरड्याच भाजल्या जातात. तापमापकापेक्षा जुन्या मदतनिसाचा भरवसा कापसावर. बोळा पांढरा राहिला तर काम कच्चं, बदामी झाला की झालं, काळा पडला तर त्याच्या जळकट वाफा काचेला धरतात आणि चंबू पुन्हा घासायला तुमच्याकडेच येतो. कोरडी हवा उष्णता फार सावकाश देते, म्हणून १७०–१८० अंशांपर्यंत जावं लागतं आणि तासभर थांबावं लागतं.

रस्सा भरलेला चंबू मात्र असा भाजता येत नाही. तो उकळावा, तर नुसत्या उकळण्याने भागत नाही हे इंग्लंडमध्ये जॉन टिंडल यांना फार महागात पडून कळलं. १८७६ साली त्यांनी वाळलेल्या गवताचा काढा करायला घेतला आणि त्या गवताच्या धुळीतले बीजाणू रॉयल इन्स्टिट्यूशनभर असे पसरले, की पूर्वी सुरळीत झालेले प्रयोगही नासू लागले. शेवटी त्यांना बाडबिस्तरा उचलून क्यू उद्यानातल्या प्रयोगशाळेत जावं लागलं. हे बीजाणू उकळत्या पाण्यात तासन्‌तास तग धरतात. टिंडल यांनी त्यावर थांबून थांबून पुन्हा उकळण्याची युक्ती काढली. पॅरिसमध्ये वेगळी वाट धरली गेली: पाणी १०० अंशांवर थांबतं ते वरच्या हवेच्या दाबामुळे, तेव्हा दाबच वाढवा आणि १२० गाठा.

समोरचं भांडं पाहा. तांब्याचं उभं नळकांडं, भोवती पत्र्याचं आवरण, खाली गॅसच्या ज्योतींचं कडं. जाड झाकण, कडेने आवळायचे स्क्रू, मध्ये रबराची चकती. झाकणावर तीन गोष्टी: दाबाचा काटा, तोटी आणि दांडीवर वजन टांगलेली सुरक्षा झडप. ही झडप शांबरलाँ यांची नव्हे. तीही एका फ्रेंच माणसाचीच, द्नी पापँ यांची, आणि दोनशे वर्षं जुनी. हाडं मऊ शिजवणारं आपलं भांडं त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवलं आणि १६८२ मध्ये सभासदांना त्यात शिजवलेलं जेवणही वाढलं. विज्ञानातल्या किती गोष्टी स्वयंपाकघरातून आल्या, याची यादी कुणी नीट केलेली नाही.

कामाला लागा. तळाला पाणी ओता, तारेच्या टोपलीत चंबू मांडा, पण एकमेकांना खेटून नको. वाफेला मधून जायला जागा हवी. रस्सा अर्ध्यापर्यंतच. काचेचं किंवा रबराचं घट्ट बूच चालणार नाही. त्यातून वाफ आत शिरत नाही आणि वर चंबू फुटायची भीती. रिकामा चंबू घालायचाच असेल तर आत चमचाभर पाणी राहू द्या. नाहीतर बाहेर कितीही वाफ असली तरी आत कोरडी हवाच तापत राहील, आणि कोरड्या हवेला १२० अंशांवर बीजाणू दाद देत नाहीत. एक ग्रॅम वाफ थंड काचेला लागून पाणी होते तेव्हा ५४० कॅलरी सोडून जाते. मारा त्या उष्णतेचा आहे, आणि ती फक्त ओलाव्यासोबत येते.

झाकण बसवा. स्क्रू एकाच बाजूने आवळत जाऊ नका. समोरासमोरचे, थोडे थोडे. गॅस पेटवा, तोटी उघडीच ठेवा.

आता इथे सगळे नवखे चुकतात, तुमचाही हात त्या तोटीकडे वळतो आहे. पाणी उकळू लागलं, सू-सू करत काहीतरी बाहेर पडतंय, मग लावून टाकावी तोटी. थांबा. जे बाहेर पडतंय ते अजून वाफ नाही, वाफेने ढकललेली हवा आहे. झोत तुटक आहे, फुसफुसतो, मध्येच दम खातो. कुकरच्या नळीतून वाफेची सरळ धार आल्याशिवाय शिटी न ठेवणाऱ्या बायका हे कोणत्याही विद्यार्थ्याआधी शिकलेल्या असतात. तोटी आत्ता लावलीत तर ती हवा आत कोंडेल, आणि मग काटा तुम्हाला सरळ फसवेल. काटा फक्त दाब ओळखतो. तो वाफेचा की हवेचा, हे त्याला कळत नाही. आत अर्धी हवा आणि अर्धी वाफ असेल तर काटा एक वातावरण जादा दाब दाखवेल, पण तापमान असेल जेमतेम १००. तुम्ही समाधानाने वीस मिनिटं मोजाल आणि बीजाणू ती आरामात काढतील. शिवाय हवा वाफेपेक्षा जड, त्यामुळे ती तळाशी, नेमकी टोपलीच्या खालच्या थरातल्या चंबूंभोवती बसून राहते.

झोत एकसंध झाला? सलग, जोरदार, मध्ये खंड नाही? आता लावा. काटा चढतो, एका वातावरणाशी येतो. ज्योत कमी करून तिथेच धरा. वीस मिनिटं.

मग गॅस बंद करा आणि काहीही करू नका.

हे सगळ्यांत अवघड. खोली थंड आहे, पुढची टोपली वाट पाहते आहे आणि तोटी हाताशी आहे. पण रस्सा अजून १२० अंशांवर आहे आणि केवळ दाबामुळे शांत आहे. दाब एकदम सोडलात तर प्रत्येक चंबू एकाच क्षणी खदखदून उठेल, बोळे उडतील, रस्सा झाकणापर्यंत पोचेल. स्क्रू सोडलेत तर झाकण तुमच्या तोंडावर. काटा शून्यावर येईपर्यंत भांड्याला हात नाही. नंतर तोटी उघडा, पलीकडची कड आधी उचला, तोंड बाजूला ठेवा. चंबू दगडी ओट्यावर टेकवू नका, लाकडावर ठेवा. साधी काच एवढा फरक सोसत नाही. (याच वर्षी जर्मनीत येना इथे ऑटो शॉट काचेचा कारखाना सुरू करताहेत. उष्णता सोसणारी काच तिथून येईल, पण तुमच्या टोपलीत ती नाही.) निवताना चंबू बाहेरची हवा आत ओढतात. ती कापसातून गाळून जाते, पण कापूस कोरडा असेल तरच. ओल्या बोळ्यातून बुरशी वाट काढते.

आता मुंबईला या, आणि १८ वर्षं पुढे. परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये वाल्देमार हाफकिन प्लेगची लस बनवताहेत. हे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधून आलेले. त्यांचे चंबू रश्श्याने भरलेले आहेत, वर तुपाचे थेंब तरंगताहेत आणि त्या थेंबांखाली प्लेगचे जंतू झुंबरासारखे लोंबताहेत. तयार लसीत कार्बोलिक आम्ल घालायची जुनी रीत त्यांनी सोडली आहे. पॅरिसच्या पद्धतीप्रमाणे भिस्त उष्णतेवर.

३० ऑक्टोबर १९०२, पंजाबातलं मलकोवाल. तुम्ही लसीच्या रांगेजवळ उभे आहात. बाटली क्रमांक ५३-एन उघडायची वेळ येते आणि मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडतो. तो चिमटा उचलतो, कार्बोलिकच्या पाण्यात विसळतो आणि त्यानेच बूच काढतो. त्या दिवशी १०७ जणांना लस दिली जाते. या एका बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावतात.

चौकशी आयोगाने ठपका परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला: कार्बोलिक सोडलं, उष्णतेवर विसंबले. आयोगाचा हा तर्क मला कधीच पटलेला नाही. बाटली उघडली तेव्हा तिला धनुर्वाताच्या वाढीची दुर्गंधी नव्हती, ही साक्ष आयोगापुढेच होती; जंतू परळमध्येच शिरले असते तर ती एव्हाना आली असती. आणि मातीत पडलेला चिमटा ज्योतीत धरायला उल्म रस्त्यावरचा सगळ्यांत नवा मदतनीसही चुकला नसता. हाफकिन यांना नोकरीतून दूर केलं गेलं. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी 'टाइम्स'ला पत्र लिहिलं, तेव्हा कुठे ते दोषमुक्त झाले. ते परत आले कलकत्त्याला. परळची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही. तिला हाफकिन यांचं नाव दिलं गेलं १९२५ साली.