बोरूचा कत आणि माझा ट्रिमर

वाशीमचा आमचा वाडा पाडला, तेव्हा चौकटीतले सागवानाचे दोनच तुकडे हाती लागले. म्हटलं, पेनं करू!

लाकडात पितळी नळी बसवली की दोन्ही टोकं नळीशी काटकोनात हवीत, नाहीतर जोडाला फट दिसते. त्यासाठी ट्रिमर. माझा बोथट.. पहिला तुकडा चिरला.

आजोबांच्या काळी कत बोथट झाला की चाकूनं बोरू पुन्हा तासायचे. त्याही आधी, सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी, वाकाटक विंध्यशक्ती दुसरा याच्या ३७व्या राज्यवर्षात इथूनच, म्हणजे वत्सगुल्माहून, ताम्रपट दिला गेला. तो १९३९ साली वाशीमलाच सापडला. तांब्यावर अक्षरं कोरणाऱ्याचं हत्यार कितीदा बोथट झालं असेल, देव जाणे!

मग मी कटर काढला. टोकाकडची तिरपी बाजू सोडून प्रत्येक पात्याची सपाट बाजू डायमंड स्टोनवर घासली, सगळ्यांना मोजून दहा हात. एखादं पातं उंच राहिलं तर कापायचं सगळं काम त्या एकट्यावरच.

दुसरा तुकडा अजून टेबलावर आहे. आधी बाभळीवर तपासतोय.