शिळा आणि कच्चे चित्र
हेब्बाळ येथे २०१८ साली उजेडात आलेला कित्तय्याचा वीरगळ इसवी सन ७५० च्या सुमाराचा. बंगळूर शहरातील सर्वांत जुना कानडी शिलालेख तो मानला जातो. मिथिक सोसायटीने त्याची त्रिमितीय नोंद केली. आडगावच्या शिळांना ते भाग्य कोठून? त्यांवरील झिजलेली अक्षरे तिरप्या उन्हाच्या छायेतच उमटतात. साधे डिजिटल छायाचित्र आटोपशीर होताना छायेतील बारकावे गमावते. कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची फाइल ते राखते. ही सोय २०१२ सालच्या सोनी आरएक्स १०० सारख्या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यातही आहे. बदलीच्या गावी हिंडताना असा कॅमेरा आम्ही जवळ बाळगावा. मूळ कागद जपावा, हा दप्तराचा पहिला धडा. अर्थ लावणारे मागाहून येतील, तोवर पुरावा शाबूत असला पाहिजे.