जुन्या गाडीला कोल्ड एअर इनटेक बसवल्याने पिकअप खरंच वाढतो का?

रील्समध्ये दिसणारा प्रकार साधारण असा असतो. वीसेक वर्षांची झेन किंवा एस्टीम, उघडं बॉनेट, कंपनीचा एअर फिल्टरचा काळा डबा गायब आणि त्याच्या जागी चकचकीत पाइपाच्या टोकाला लाल, शंकूसारखा फिल्टर. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन घुमतं आणि कॉमेंट्समध्ये प्रश्न सुरू होतात, ‘भावा, कितीला पडलं?’

या पाइप आणि फिल्टरच्या जोडीला ‘कोल्ड एअर इनटेक’ म्हणतात. जुन्या गाडीची ताकद त्याने वाढते का? वाढली तरी इतकी थोडी, की चालवताना कळणं कठीण. आणि चुकीच्या जागी बसवलं तर ती उलट कमी होते.

यामागचं विज्ञान काय?

ते खोटं नाही. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. म्हणजे जास्त पेट्रोल जाळून जास्त ताकद हवी असेल, तर आधी जास्त हवा आत गेली पाहिजे. थंड हवा दाट असते. बॉनेटखालची ६० अंशांची हवा घेण्याऐवजी बाहेरची ४० अंशांची हवा घेतली, तर तेवढ्याच जागेत सुमारे ६ टक्के जास्त हवा मावते.

आता हा हिशोब गाडीला लावून पाहा. ६० हॉर्सपॉवरच्या गाडीत हे ६ टक्के पूर्णच्या पूर्ण मिळाले, तरी होतात साडेतीन हॉर्सपॉवर. प्रत्यक्षात तेवढेही मिळत नाहीत, कारण पुढे गरम मॅनिफोल्डमधून जाताना हवा पुन्हा तापते. शिवाय हा फायदा मिळतो तो अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर. शहरात गाडी चालवताना तो अर्धाही दाबलेला नसतो, म्हणजे इंजिनाकडे जाणारी हवा थ्रॉटलची झडपच अडवत असते. तिथे पाइप कितीही भारी असला तरी उपयोग नाही.

तुलनेसाठी एक आकडा. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा जवळपास १५ टक्क्यांनी कमी असतो. घाट चढताना जुनी गाडी जी धापा टाकते, त्यात चढाइतकाच या विरळ हवेचाही वाटा असतो. कोल्ड एअर इनटेकने ते भरून निघत नाही.

नाव कोल्ड, हवा गरम

बाजारात या नावाने मिळणारे बरेच स्वस्त किट म्हणजे फक्त उघडा शंकू फिल्टर. तो बसतो बॉनेटखाली, इंजिनाच्या शेजारी, आणि तिथलीच तापलेली हवा ओढतो. कंपनीच्या डब्याची नळी मात्र अनेक गाड्यांमध्ये ग्रिलमागून किंवा चाकावरच्या पत्र्याजवळून बाहेरची हवा घेत असते. म्हणजे पैसे मोजून थंड हवा काढली आणि गरम हवा लावली.

मग गाडी जास्त पळते असं का वाटतं? आवाजामुळे. कंपनीचा डबा आणि त्याला जोडलेला रेझोनेटर हवा ओढण्याचा आवाज दाबतात. ते काढले की इंजिन गरजतं, आणि कानाला जे जोरात ते पायाला वेगवान वाटतं.

कार्बोरेटर असेल तर आधी हे तपासा

कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना आसपासची जागा इतकी गार पडते, की थंड, दमट हवेत तिथे बर्फ धरू शकतो. म्हणून बऱ्याच जुन्या गाड्यांत सायलेन्सरच्या बाजूने, एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळून गरम हवा घेण्याची सोय असते. कुठे उन्हाळा-हिवाळा असा हाताने फिरवायचा खटका, कुठे तापमानानुसार आपोआप हलणारी झडप. वर्षानुवर्षं कुणी तिकडे पाहत नाही आणि ती गरम हवेच्या बाजूलाच अडकून बसते. ती मोकळी केली की फुकटात कोल्ड एअर इनटेक मिळतो!

कार्बोरेटरवर मोकळा फिल्टर लावला आणि जेट तसेच ठेवले, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडून गाडी झटके खाऊ शकते. एमपीएफआय गाडीत कॉम्प्युटर बराच हिशोब सांभाळून घेतो. पण ज्या गाड्यांत हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर असतो, तिथे पाइपाचा व्यास बदलला किंवा फिल्टरचं तेल सेन्सरवर बसलं, की मोजमाप चुकतं आणि चेक इंजिनचा दिवा लागू शकतो.

साधा एअर फिल्टर बदलून काय होतं, याची चाचणी अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये केली होती. तुंबलेला फिल्टर बदलल्यावर आधुनिक इंजेक्शन गाड्यांचं अ‍ॅव्हरेज वाढलं नाही, पिकअप मात्र सुधारला. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत दोन्हींत फरक पडला. त्यामुळे पहिला खर्च कंपनीच्या नव्या फिल्टरवर करावा. त्यानंतर कॉम्प्रेशन टेस्ट, स्पार्क प्लग, टॅपेट सेटिंग, घसरणारी क्लच प्लेट आणि धरून बसणारे ब्रेक. पंधरा-वीस वर्षांत हरवलेली ताकद बहुतेक वेळा इथेच सापडते. रेसिंगसाठी पूर्ण इंजिन ट्यून करणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

पावसाळ्यातला धोका

खरोखर थंड हवा हवी म्हणून काही जण फिल्टर खाली, बंपरमागे नेतात. महाराष्ट्रातल्या पावसात हे सगळ्यात महागात पडणारं काम आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. पण इंजिन जायला एवढा पूर लागत नाही. फिल्टर खाली असेल तर रस्त्यावर तुंबलेलं गुडघाभर पाणीही पुरतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं की वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या मोटर विम्यात हे नुकसान सहसा धरलं जात नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं कव्हर लागतं, आणि इतक्या जुन्या गाड्यांना ते सहसा मिळत नाही.

गाडी पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा सेल्फ मारू नका. ती ढकलून किंवा टो करून बाहेर काढा. मेकॅनिकने स्पार्क प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढल्याशिवाय इंजिन फिरवू नये.